अर्ध्या इंचाची जागा

खणाला उर्दूत दराज म्हणतात. पुस्तकात आणि बाळबोध बोलण्यात खण, मुशायऱ्यात आणि उर्दू कथेत दराज. आमच्या मिरजेच्या घरात दोन्ही शब्द कुणी वापरत नाही. अम्मीपासून भाईजानच्या धाकट्या पोरापर्यंत सगळे 'ड्रावर'च म्हणतात. तो ज्यावर सरकतो त्या लोखंडी पट्टीला तर कुठल्याच भाषेत वेगळे नाव नाही. सुतार, दुकानदार, गिऱ्हाईक, हिंदू, मुसलमान, सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, 'चॅनल'. शब्दांच्या बाबतीत इतके एकमत माझ्या पाहण्यात दुसरे नाही.

हे सांगायचे कारण अब्बांचे टेबल. अब्बा रेडिओ दुरुस्त करत. पुढे रेडिओ कमी झाले तशी टेपरेकॉर्डर, मग टीव्हीचे रिमोट, शेवटी मोबाइलचे चार्जर. पण टेबल तेच राहिले. सागवानी पाय, वर जाड फळी, डावीकडे तीन आणि उजवीकडे तीन ड्रॉवर. २०१४ साली अब्बा गेले तेव्हा दुकानाची जागा मालकाला परत दिली आणि टेबल घरी आले. ते मी घेतले, कारण मी शाळेत विज्ञान शिकवते आणि वायर, बॅटऱ्या, बल्ब ठेवायला मला जागा हवी होती. अब्बांचे सामान मी काढले नाही. वरच्या डाव्या ड्रॉवरमध्ये एसी १२८ नंबरचे जर्मेनियम ट्रान्झिस्टर, डायलची दोरी, गँग कंडेन्सर, आयएफटीच्या चौकोनी डब्या. त्यांच्या शेजारी माझे एलईडी.

या ड्रॉवरना आधी लाकडाच्याच पट्ट्या होत्या. लाकडावर लाकूड घासायचे आणि पावसाळ्यात फुगून बसायचे. मग कधीतरी अब्बांनी स्वतःच पांढऱ्या चाकांचे रोलर चॅनल बसवले. त्या चॅनलला दर बाजूस दोनच चाके असतात, एक ड्रॉवरला मागे आणि एक चौकटीला पुढे. सगळे वजन त्या नायलॉनच्या चाकांवर. ट्रान्सफॉर्मर भरलेला ड्रॉवर रोज वीस वेळा ओढला की चाक एका बाजूने सपाट होते, मग ते फिरत नाही, घसटते. घसटले की पत्र्याची पट्टी वाकते. तीस वर्षांत आमच्या ड्रॉवरची ही गत झाली होती: ओढला की पुढून मान टाकायचा, ढकलला की चार बोटे बाहेरच राहायचा.

भाईजानचा सल्ला सरळ होता. "वो भंगार में देताऊँ, नवा टेबल लाताऊँ." त्यात त्याचा काही वाईट हेतू नव्हता. घर लहान आहे, त्याची मुले मोठी होत आहेत. अम्मी म्हणाली, "हात नक्को लगाव उसको." एवढेच. मग दोन दिवस घरात त्या विषयावर कुणी बोलले नाही. मला वाटले, टेबल राहावे असे आपल्याला वाटते तर ते चालले पाहिजे. न उघडणारे ड्रॉवर घेऊन आठवणी जपायच्या म्हणजे भावाच्या मुलांची जागा अडवणे. म्हणून मी चॅनल बदलायचे ठरवले.

हार्डवेअरच्या दुकानात गेले तर मालकांनी नेहमीसारखे विचारले, "मिस्त्रीला लावून द्या की, ताई. त्याला ठाऊक असतं." मी म्हटले, मिस्त्री मीच आहे. ते हसले, पण नंतर त्यांनी मन लावून माल दाखवला हे सांगितले पाहिजे. आता रोलरचे चॅनल मागे पडले आहेत. मिळतात, पण लोक नेतात ते टेलिस्कोपिक, म्हणजे एकात एक सरकणाऱ्या तीन पट्ट्या आणि मध्ये छर्ऱ्यांच्या रांगा. साधारण ४५ मिलिमीटर उंचीचे. दहा इंचांपासून दोन-दोन इंचांनी वाढत बावीस-चोवीस इंचांपर्यंत.

माझे ड्रॉवर सोळा इंच खोल. सोळा इंचाचा जोड मी टेपने मोजला तर भरला ४०० मिलिमीटर. सोळा इंच म्हणजे खरे तर ४०६.४. मी दुसरा मोजला, तोही ४००. अठराचा ४५०, वीसचा ५००. तेव्हा लक्षात आले की चॅनलच्या कारखान्यातला इंच २५ मिलिमीटरचा आहे. नाव इंचाचे आणि माप मेट्रिकचे. फरक पडत नाही, कारण ड्रॉवरमागे बोटभर मोकळी जागा असतेच. पण जिथे खरोखर फरक पडतो ते माप रुंदीचे. ड्रॉवर आणि चौकट यांच्यात दर बाजूला अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर, जागा लागते. अब्बांनी रोलरसाठी जी जागा सोडली होती ती अर्ध्या इंचाचीच होती. चाके गेली, छर्रे आले, पण ही अर्ध्या इंचाची पद्धत बनवणाऱ्यांनी मोडली नाही. म्हणून तीस वर्षांपूर्वीच्या ड्रॉवरला आजचे चॅनल बसते. ड्रॉवर कापावा लागत नाही की चौकट तासावी लागत नाही.

बसवण्याचे काम किचकट नाही, पण चिकाटीचे आहे. चॅनल पूर्ण ओढले की आत एक काळी प्लॅस्टिकची जीभ दिसते. ती एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दाबून धरली की आतली पट्टी सुटून हातात येते. ती ड्रॉवरला, बाकीचा भाग चौकटीला. पट्टीला दोन तऱ्हेची भोके असतात, काही गोल आणि काही लांबट. पहिले स्क्रू लांबट भोकात घालायचे, ड्रॉवर लावून बघायचा, वर-खाली, पुढे-मागे सरकवून जमवायचा आणि मगच गोल भोकात स्क्रू मारून पक्के करायचे. त्या लांबट भोकांचे मला फार कौतुक वाटले. माणसाचा हात दोन मिलिमीटर इकडे-तिकडे जाणार, हे बनवणाऱ्याने आधीच धरून चालले आहे.

अडचण जुन्या भोकांची होती. रोलरच्या स्क्रूंची भोके खाऊन मोठी झालेली आणि नवे स्क्रू नेमके त्यांच्याच काठावर येत होते. सितारमेकर गल्लीतल्या एका चाचांना विचारले. मिरजेत तंतुवाद्ये करणारी घराणी मूळची शिकलगारांची, हत्यारांना पाणी आणि धार देणाऱ्यांची. तलवारींचे दिवस सरले तसे एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. लाकडाबद्दल विचारायचे तर त्यांनाच. चाचांनी काम न थांबवता सांगितले की बांबूची काडी तास, फेविकॉलमध्ये बुडव, भोकात ठोक, रातभर सुकू दे, सकाळी काप. सकाळी त्यात बारीक ड्रिलने भोक पाडून स्क्रू फिरवला तर तो नव्या लाकडात जावा तसा कुरकुरत गेला. एका ड्रॉवरची डावी बाजू आत झुकली होती. तिथे तीन मिलिमीटरचा फरक सनमायकाच्या तुकड्यांनी भरला. रमजानच्या सुट्टीत दोन रविवारी मिळून पाच ड्रॉवर झाले. सहाव्याचे पुढे सांगते.

त्याच सुमारास माझे दुसरे एक काम अडून बसले होते, ते संगणकावरचे.

नववीच्या विज्ञानात धाराविद्युत आहे, त्यात ओहमचा नियम येतो. आमच्या उर्दू पुस्तकात त्याच धड्यात बर्क़ी रौ, मज़ाहमत, मूसिल, बर्क़ी दौर असे शब्द आहेत. मराठी माध्यमातले विद्युतधारा, रोध, वाहक, परिपथ. प्रयोग करायचा तर चाळीस मुलींमध्ये अँमीटर दोन. सुट्या वायरींनी परिपथ जोडेपर्यंत तास संपतो आणि कुठेतरी एक टोक सुटलेले असतेच. म्हणून मी ठरवले होते की एक लहान पीसीबी करायची, हिरव्या रंगाची तळहाताएवढी पाटी. तिच्यावर ४७०, १००० आणि २२०० ओहमचे तीन रोध, एक एलईडी, एक बटन, आणि बॅटरी-मीटर जोडायला स्क्रूची आठ टोके. नऊ व्होल्टची बॅटरी, त्यातले साधारण दोन व्होल्ट लाल एलईडी घेते, उरले सात. ४७० मधून सुमारे १५ मिलिअँपिअर, १००० मधून ७, २२०० मधून ३ हून थोडी जास्त. रोध वाढला की दिवा मंदावतो, हे मुलीला डोळ्यांनी दिसते आणि मीटरवरही वाचता येते. आणि पाटीवरची नावे उर्दूत. या शेवटच्या गोष्टीवर मी अडून होते.

का, ते सांगायला हवे. उर्दू माध्यमाच्या शाळेत भूगोल, इतिहास, गणित सगळे उर्दूत शिकवतात, पण मुलगी प्रयोगशाळेत आली की तिथल्या एकाही वस्तूवर तिची लिपी नसते. मीटरवर इंग्रजी, बाटल्यांवर इंग्रजी, तक्ता असला तर मराठी किंवा इंग्रजी. न बोलता तिला कळते की हे काम या भाषेत होत नाही. मग पालक येऊन सांगतात, आपा, पुढच्या वर्षी इंग्लिश मीडियमला घालतो. मी त्यांच्याशी भांडत नाही. माझ्या स्वतःच्या भाचीला भाईजानने तिथेच घातले आहे. पण निदान एक वस्तू अशी असावी की जिच्यावर 'मज़ाहमत' हा शब्द कोरलेला आहे आणि ती खरोखर चालते.

मी पीसीबीचा आराखडा करायला शिकले होते ते एका कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. नाव घेत नाही. फुकट आवृत्ती होती, पाटीच्या आकाराला मर्यादा होती, ती मला पुरत होती. त्यात उर्दू शब्द टाकला की अक्षरे सुटी होत. उर्दूत अक्षर एकटे असते तेव्हा त्याचे रूप वेगळे, शब्दाच्या सुरुवातीला वेगळे, मध्ये वेगळे, शेवटी वेगळे. हात धरून उभे राहणारी लिपी आहे ती. त्या सॉफ्टवेअरने हात सोडवले आणि वर ओळ डावीकडून लावली. 'बिजली' लिहावे तर ये, लाम, जीम, बे अशी चार अनोळखी माणसे उलट्या रांगेत उभी. देवनागरीतही तीच गंमत. वेलांटी अक्षरानंतर पडायची, जोडाक्षराचे पाय मोडून हलन्त दिसायचे. याचे कारण द्वेषाचे नाही, जुन्या सोयीचे आहे. अशा सॉफ्टवेअरमधली अक्षरे पूर्वीच्या प्लॉटरच्या पेनाने काढायची होती. म्हणून प्रत्येक अक्षर म्हणजे ठरावीक रेघांचा एक गठ्ठा, एकापुढे एक ठेवायचा. ज्यांच्या लिपीत अक्षरे एकमेकांना शिवत नाहीत त्यांना ते पुरेसे होते.

यावर सगळ्यांना माहीत असलेला तोडगा म्हणजे शब्दाचे चित्र करायचे आणि ते चित्र पाटीवर चिकटवायचे. मी तसे केले. नमुन्याच्या पाच पाट्या पुण्याहून आल्या. पीसीबी करणारे बहुतेक कारखाने पांढऱ्या शाईची रेघ सुमारे ०.१५ मिलिमीटरहून बारीक छापायची हमी देत नाहीत. रेघा टिकल्या, नुक्ते गेले. आणि उर्दूत नुक्ता गेला म्हणजे बे, ते, से यांत फरक काय उरला? ऐनवर एक नुक्ता चढला की दुआची दग़ा होते, हे आमच्याकडे लहान मूलही जाणते. पहिल्या बाकावरच्या मुलीने एलईडीखालचा शब्द मोठ्याने वाचला, "रोसनी." वर्ग हसला. शीनचे तीन नुक्ते शाईने गिळले होते. तिच्या बाजूने हेही सांगते की आमच्या अर्ध्या मोहल्ल्यात तो शब्द तसाच उच्चारतात.

तेवढ्यात त्या कंपनीने कळवले की हे सॉफ्टवेअर आता बंद करणार, दुसरे घ्या, त्याला महिन्याचे पैसे. माझ्या जुन्या फायली होत्या तिथेच होत्या, पण त्या उघडायला त्यांचीच किल्ली लागत होती. नोटपॅडमध्ये उघडून पाहिल्या तर नुसता चिन्हांचा चिखल.

इथे मला टेबलाची आठवण झाली नसती तर नवल. तिसरा ड्रॉवर पूर्ण बाहेर काढला तेव्हा त्याच्या मागे, चौकटीच्या तळाशी, एक पुठ्ठा अडकलेला सापडला होता. बुटाच्या खोक्याचे झाकण. त्याच्यावर अब्बांनी पेन्सिलीने एका रेडिओचा परिपथ काढलेला. अब्बा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. इंग्रजी त्यांना आकड्यांपुरते येत होते. म्हणून रोधांच्या किमती त्यांनी पट्ट्यांच्या रंगांनी लिहिल्या होत्या: भूरा, काला, लाल. म्हणजे एक, शून्य आणि पुढे दोन शून्ये, एक हजार ओहम. दुसऱ्या ठिकाणी पीला, जामनी, भूरा. म्हणजे चारशे सत्तर. एका रोधावर फुली आणि शेजारी दोन शब्द, 'जल गया'. मी तो पुठ्ठा खिडकीत धरून पूर्ण वाचला. चाळीस वर्षांचा तरी असेल. वाचायला कुणाची परवानगी लागली नाही.

नंतर मी कीकॅड घेतले. हे सॉफ्टवेअर ज्याँ-पिएर शारास यांनी १९९२ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या एका तंत्रशिक्षण संस्थेत काम करत असताना सुरू केले. ते फुकट आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. पुढे युरोपातल्या सर्न या अणुसंशोधन संस्थेनेही त्याच्या वाढीला हातभार लावला. २०२३ साली आलेल्या सातव्या आवृत्तीपासून संगणकात जे फाँट आहेत ते त्यात थेट वापरता येतात. त्या दिवशी 'मज़ाहमत' टाइप केले आणि मीमपासून तेपर्यंत सगळे एकमेकांचे हात धरून, उजवीकडून, नीट उभे राहिले. अम्मीला बोलावून दाखवले. तिने चष्मा लावून वाचले आणि विचारले, "इसमें क्या बड़ी बात है?" तिचे बरोबर होते. पुस्तकात, वर्तमानपत्रात, लग्नपत्रिकेत हे रोज दिसते.

फाँट निवडताना नस्तालिक सोडावे लागले. नस्तालिकचा शब्द उजवीकडे वरून सुरू होऊन डावीकडे खाली उतरतो. फार देखणा, पण उंची खातो. आठ मिलिमीटरच्या जागेत त्याचे नुक्ते पुन्हा मेले असते. नस्ख घेतले, सरळ ओळीत चालणारे, अक्षरांची उंची चार मिलिमीटर, रेघ जाड. उर्दू माणसाला नस्ख जरा परके वाटते, कुराण शरीफची लिपी म्हणून ओळखीची पण रोजच्या लिहिण्याची नव्हे. चालायचेच.

आता आठ टोकांची गोष्ट. स्क्रूची ही टोके दोन किंवा तीनच्या ठोकळ्यांत मिळतात आणि सुताराच्या खाचेसारखी एकमेकांत अडकवून हवी तेवढी लांब करता येतात. सॉफ्टवेअरच्या साठ्यात त्यांच्या पायांमधले अंतर ५.०८ मिलिमीटर असलेला आराखडा आहे, आणि ५.०० असलेलाही. ५.०८ म्हणजे इंचाचा पाचवा हिस्सा. ५.०० म्हणजे त्याच इंचाला २५ मिलिमीटर मानून काढलेला पाचवा हिस्सा. दुकानात दोन्हींना एकच नाव, 'पाच एमेमचा कनेक्टर'. दोन पायांचा ठोकळा असला तर कुठल्याही भोकात जातो. आठ पायांचा केला की फरक साठत जातो: सात अंतरे, दर अंतराला ०.०८, एकूण ०.५६ मिलिमीटर. अर्ध्या मिलिमीटरने आठवा पाय भोकाबाहेर. चॅनलच्या दुकानात जो इंच मी नुकताच भेटून आले होते, तोच इथे वेष बदलून बसला होता. फक्त ड्रॉवरमागे बोटभर जागा असते, पीसीबीवर नसते.

म्हणून पाटी छापायला पाठवण्याआधी आराखडा कागदावर खऱ्या आकारात छापून त्यावर प्रत्यक्ष भाग टोचून पाहायचा, हा जुना रिवाज आहे आणि तो सोडू नये. त्यातही संगणकाने खोडी काढली. प्रिंटरला 'पानात बसवा' अशी सवय असते. त्याने माझा आराखडा न विचारता तीन टक्क्यांनी लहान केला. तेव्हापासून आराखड्याच्या कडेला १०० मिलिमीटरची एक रेघ मी कायम काढते. आधी पट्टीने ती रेघ मोजायची, मग पुढचे. कागद थर्माकोलवर ठेवून मुलींनीच भाग टोचले. अर्ध्या तासात ५.०० वाला ठोकळा कुठला आणि ५.०८ वाला कुठला, हे त्यांना बोटांनी कळायला लागले.

ओहमबद्दल वर्गात मी एक गोष्ट नेहमी सांगते. १८२७ साली आपला नियम प्रसिद्ध करणारा गेओर्ग ओहम कलोनच्या शाळेत शिक्षक होता. त्याचा बाप कुलपे करणारा कारागीर, स्वतः शिकलेला, आणि मुलांना त्यानेच घरी गणित शिकवले. प्रयोगाची साधने ओहम स्वतः बनवायचा, बापाकडून शिकलेल्या हातांनी. मुलींना नियम लक्षात राहत नाही, कुलूपवाला राहतो. त्यातल्या एकीचे वडील शाळेसमोर छत्र्या आणि कुलपे दुरुस्त करतात. ती काही बोलत नाही, फक्त ताठ बसते.

नव्या पाट्या वीस केल्या. प्रत्येक रोधाशेजारी त्याची किंमत आकड्यांत आणि खाली उर्दूत रंग: भूरा, काला, लाल. ही कल्पना माझी नव्हे, झाकणावरची. बाकी अब्बांची अक्षरे घेता आली असती तर घेतली असती, पण पेन्सिल पुसट होती. पाट्यांची फाइल साधी मजकुराची आहे, नोटपॅडमध्ये उघडली तर इंग्रजी कंसांतले शब्द आणि मापे वाचता येतात. उद्या कीकॅड राहिले नाही तरी कुणीतरी बसून ती लावू शकेल. मी तिची एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवली आहे आणि एक छापून, कागदावर, टेबलाच्या तिसऱ्या ड्रॉवरमध्ये, झाकणाबरोबर.

सहावा ड्रॉवर अजून जुन्याच चाकांवर आहे. त्याच्या मागे टेबलाचा आडवा दांडा येतो, त्यामुळे तो अकराच इंच खोल. दुकानात दहा मिळते आणि बारा मिळते. दहाचे लावले तर ड्रॉवर पूर्ण बाहेर येणार नाही, मागच्या कप्प्यातले काढायला हात वाकडा करावा लागेल. अम्मीने त्यात अब्बांची औषधांची चिठ्ठी, चष्म्याचे घर आणि तस्बीह ठेवली आहे. तिला तो तसाच अडखळत उघडलेला चालतो. भाईजाननेही नव्या टेबलाची गोष्ट आता काढली नाही. त्याच्या मुलाने मधला ड्रॉवर स्वतःच्या रंगपेट्यांसाठी न विचारता घेतला आहे आणि दिवसातून पन्नास वेळा तो उघडून बंद करतो, नुसता आवाज ऐकायला.

गेल्या महिन्यात तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी पाटी पाहिली आणि फाइल मागितली. मी दिली. त्यांनी फक्त शब्द बदलायचे होते. रात्री त्यांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, 'विद्युतधारा' बसत नाही हो. आणि 'द्यु' इतका बारीक होतो की खालचा उकार शाईत जाईल." मी म्हटले, चार मिलिमीटरच्या खाली जाऊ नका. ते म्हणाले, मग जागाच उरत नाही. आम्ही बराच वेळ त्यावर बोललो. शेवटी त्यांनी नुसते 'धारा' लिहायचे ठरवले, तसे मी 'बर्क़ी' गाळून नुसते 'रौ' लिहिले होते. बॅटरीच्या टोकांना काय लिहू, 'धन अग्र', 'ऋण अग्र'? तुम्ही काय लिहिलंय? मी सांगितले, तिथे मी शब्द घातलाच नाही, अधिक आणि उणे एवढीच चिन्हे आहेत, ती तशीच राहू द्या. फक्त ती टोके पाच एमेमची घेताना पट्टी घेऊन जा.